दंड थकला, कर थकला: बाईला तुरुंग होतो का?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

ब्रिटनमधल्या मराठी घरांतून गेल्या काही महिन्यांत आलेली बरीच पत्रं एकाच काळजीची आहेत. कौन्सिल टॅक्स (स्थानिक कौन्सिलचा राहत्या घरावरचा कर), टीव्ही लायसन्सचा दंड किंवा मुलांची शाळा बुडवल्याचा दंड थकला आहे, घरात बाई एकटी आहे आणि पाकिटावर कोर्टाचं नाव आहे. त्यांतले प्रश्न एकत्र घेतले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे नियम इंग्लंडचे समजावेत. कौन्सिल टॅक्सच्या वसुलीची पद्धत बदलण्यासाठी तिथल्या सरकारने २०२५ साली लोकांची मतं मागवली होती, म्हणून आपल्या कागदावरची तारीख बघून चालू नियम सल्ला केंद्रात एकदा पडताळून घ्या.

प्रश्न : माझी धाकटी बहीण लेस्टरला असते. घटस्फोट झालाय, पदरी दोन मुलं. कौन्सिल टॅक्सचे १,९०० पौंड थकलेत. बेलिफ येऊन गेले, त्यांना नेण्यासारखं काही मिळालं नाही. आता मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स आलंय आणि त्यात तुरुंगाचा उल्लेख आहे. ती घाबरून जायचंच नाही म्हणते. खरंच आत टाकतात का?

पहिलं सांगणं हेच, की तिला कोर्टात जाऊ द्या. जाणं हाच तिचा सगळ्यांत मोठा बचाव आहे. ती गेली नाही तर कोर्ट अटकेचं वॉरंट काढू शकतं, आणि मग मुलांची शाळा सुटायच्या वेळी आई कोठडीत अशी पाळी येते.

कौन्सिल टॅक्सच्या वसुलीचे नियम १९९२ चे आहेत. त्यांत तुरुंग ही शेवटची पायरी आहे आणि मुदत जास्तीत जास्त तीन महिने. आधीच्या पायऱ्या तिच्याकडून बहुतेक होऊन गेल्या असतील. हप्ता चुकला की आठवण-पत्र येतं आणि सात दिवसांत भरायला सांगतं. तेही चुकलं की पुढच्या सात दिवसांनंतर हप्त्यांची सवलत जाते आणि वर्षाची सगळी बाकी एकदम देणं होते. मग समन्स आणि कोर्टाची ‘लायबिलिटी ऑर्डर’, म्हणजे हे देणं तुमच्यावर आहे असा आदेश. ती हातात आली की कौन्सिल पगारातून किंवा सरकारी भत्त्यातून कपात करू शकते, नाहीतर बेलिफ पाठवते. बेलिफ रिकाम्या हाताने परतले तरच तुरुंगासाठी अर्ज करता येतो. तिच्याकडे आलेला कागद या अर्जाचा आहे.

आता यातला सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. पैसे नव्हते एवढ्या कारणाने कोणालाही तुरुंगात पाठवता येत नाही. तिच्या समक्ष तिच्या ऐपतीची चौकशी करणं कोर्टावर बंधनकारक आहे. तिने हेतुपुरस्सर नकार दिला किंवा हाती पैसे असून दोषपात्र हयगय केली, असं दिसलं तरच तुरुंगाचा विचार होतो. ही चौकशी दोन काळांची असते, आणि बहुतेक जणी इथेच चुकतात. त्या आजचे कागद घेऊन जातात. कर भरायची वेळ आली तेव्हा, म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी, हातात किती होतं आणि ते कुठे गेलं, हे कोर्टाला आधी हवं असतं. आजची ऐपत त्यानंतर, हप्ता ठरवायला.

म्हणून एका फाइलमध्ये थकबाकीच्या काळातली बँकेची स्टेटमेंट, युनिव्हर्सल क्रेडिटच्या (कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी भत्त्याच्या) ऑनलाइन खात्यातले महिनावार हिशोब, भाड्याचा करार, गॅस-विजेची बिलं, मुलांच्या पाळणाघराचा खर्च, आजारपणाचे किंवा घटस्फोटाचे कागद लावा. त्यावर एक पान हवं, हाताने लिहिलेलं चालेल: आठवड्याला येतात किती, जातात किती, उरतात किती. स्टेटमेंटमध्ये गावी पाठवलेले पैसे किंवा भिशीचे हप्ते दिसत असतील तर त्यांचं कारण आधीच लिहून ठेवा. आईच्या डायलिसिसला पाठवलेले पैसे आणि लग्नाच्या आहेराला पाठवलेले पैसे कोर्ट एकाच मापाने मोजत नाही. विचारल्यावर गडबडून ‘आठवत नाही’ म्हटलं की शंका तिथूनच सुरू होते.

दुसरी चूक घाबरून मोठा हप्ता कबूल करण्याची. उरतात पाच पौंड आणि बाई सांगते वीस. कोर्ट मग अमुक दिवसांची कैद ठरवून हप्त्याच्या अटीवर ती पुढे ढकलतं. तिसऱ्या आठवड्यात हप्ता चुकतो आणि टांगती तलवार खरी होते. तुमच्या बहिणीचा हिशोब करून बघू. आठवड्याला खरंच ५ पौंड उरत असतील तर १,९०० पौंड फिटायला ३८० आठवडे, म्हणजे सात वर्षांहून जास्त काळ लागेल. असं कर्ज साधारण दोन-तीन वर्षांत फिटण्याजोगं असावं, असा वरिष्ठ न्यायालयांच्या निकालांचा सूर आहे. तीन वर्षांचे १५६ आठवडे धरले तर ७८० पौंड होतात. उरलेले १,१२० पौंड माफ करावेत, अशी विनंती करता येते. कैद ठरवली नाही तर थकबाकी अंशतः किंवा पूर्ण माफ करण्याचा अधिकार त्याच कोर्टाला आहे. मात्र मागितल्याशिवाय तो वापरला जाईल असं गृहीत धरू नका. ‘माझी ऐपत एवढीच आहे, कैद ठरवू नये, बाकी माफ करावी’ हे शब्द तिने किंवा तिच्या वकिलाने उच्चारले पाहिजेत.

वकिलाचं म्हणाल तर तुरुंगाची शक्यता असलेल्या या सुनावणीला कोर्टातला ड्यूटी सॉलिसिटर, म्हणजे त्या दिवशी नेमणुकीवर असलेला वकील, मोफत उभा राहू शकतो. हा हक्क सहज आलेला नाही. पोल टॅक्सच्या (कौन्सिल टॅक्सच्या आधीच्या माणशी कराच्या) थकबाकीपायी वकिलाविना कैद झालेल्या एका माणसाच्या प्रकरणात १९९६ साली स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ब्रिटनला दोषी ठरवलं, त्यानंतर हे दार उघडलं. तिने कोर्टात तासभर आधी पोचावं आणि काउंटरवर ‘ड्यूटी सॉलिसिटर हवाय, कमिटमेंटची (तुरुंगाच्या अर्जाची) सुनावणी आहे’ एवढं सांगावं. मराठी दुभाषी हवा असेल तर तारखेच्या पुरेसं आधी कोर्टाला कळवायला लागतं. मुलांना सांभाळायला कोणी नसेल तर तेही आधी कळवा.

तारखेला वेळ असेल तर आधी कौन्सिलच्या वसुली विभागाला ईमेल करा. हप्ता ठरला तर कौन्सिल अर्ज मागे घेऊ शकते. कर्ज-सल्लागारामार्फत ‘ब्रीदिंग स्पेस’, म्हणजे वसुलीतून काही काळ उसंत, हीही मागता येते. मे २०२१ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये ही ६० दिवसांची सवड आहे आणि कौन्सिल टॅक्सची थकबाकी तिच्यात बसते.

आणखी दोन बारीक गोष्टी. कौन्सिल टॅक्सची कैद गुन्ह्याची शिक्षा धरली जात नाही, तो वसुलीचा मार्ग आहे. आणि कैद झालीच तर पैसे भरतील त्या प्रमाणात दिवस घटतात. १,५०० पौंडांपायी ३० दिवस ठरले आणि कोणी ५०० भरले, तर दहा दिवस कमी. चौकशी न करताच कैद दिली असेल तर एक दिवसही न दवडता वकिलामार्फत हायकोर्टात जा. तिथे जामीनही मिळू शकतो.

प्रश्न : नवरा घर सोडून गेला. बिल दोघांच्या नावावर होतं. मागची सगळी थकबाकी माझ्याकडे मागताहेत. निम्मी त्याच्याकडून घ्या म्हटलं तर ऐकत नाहीत. (स्लाऊ)

कायद्याने त्यांचं बरोबर आहे, दुर्दैवाने. एकत्र राहणारे पती-पत्नी संयुक्तपणे आणि एकेकटेही पूर्ण रकमेला जबाबदार असतात. कौन्सिलला ‘निम्मी’ हा शब्द लागू नाही, आणि जो सापडतो त्याच्याकडून वसूल करणं तिला सोपं जातं. मुलांमुळे घर न सोडलेली बाईच बहुधा सापडते. तुम्ही दोन कामं आजच करा. नवरा गेला ती तारीख लेखी कळवा आणि त्याचा नवा पत्ता माहीत असेल तर द्या. त्या तारखेनंतरच्या बिलाला तो जबाबदार नाही, पण घरात तुम्ही एकट्याच प्रौढ असाल तर तुम्हाला २५ टक्के सूट लागू होते. ती मागच्या तारखेपासून मागा. पुष्कळ बायकांच्या थकबाकीत ही न मागितलेली सूटच पडून असते.

तुम्ही अवलंबित व्हिसावर असाल आणि त्यावर सरकारी निधी न घेण्याची अट असेल, तर एक भेद लक्षात ठेवा. ही २५ टक्के सूट सरकारी निधीत मोडत नाही. कमी उत्पन्नासाठीचं ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’ मात्र मोडतं. दोन्ही अर्ज एकाच संकेतस्थळावर शेजारी शेजारी असतात. चुकून दुसरा भरू नका.

प्रश्न : नवरा नॉटिंगहॅमला पीएचडी करतो, मी त्याच्या व्हिसावर आहे. घरात आम्ही दोघंच. आम्हाला बिल आलंय.

पूर्ण वेळ विद्यार्थी या कराच्या मोजणीत धरत नाहीत. व्हिसाच्या अटींनी ज्यांना नोकरीला किंवा सरकारी भत्त्यांना मनाई आहे, अशा विद्यार्थ्याच्या ब्रिटिश नागरिक नसलेल्या जोडीदारालाही धरत नाहीत. विद्यापीठाचा दाखला आणि तुमच्या व्हिसाच्या अटींची प्रत जोडून माफीचा अर्ज करा. बिल तुम्हाला लागूच नाही असं वाटलं तरी पाकीट बाजूला टाकू नका, कारण उत्तर न दिलेलं बिल यथावकाश समन्स होऊन येतं.

प्रश्न : आम्ही बीबीसी बघत नाही. सासूबाई भारतातून आल्यात, त्या अ‍ॅपवर मराठी मालिका बघतात. एक माणूस दारात आला, टीव्ही चालू आहे का विचारलं, मी हो म्हटलं आणि त्याच्या कागदावर सही केली. आता माझ्या नावाने ‘सिंगल जस्टिस प्रोसीजर’ची नोटीस आलीय. नवरा म्हणतो, फाडून टाक. (हॅरो)

फाडू नका. नोटीस आल्यापासून उत्तर द्यायला २१ दिवस असतात, आणि ते न दिल्यास एक मॅजिस्ट्रेट विधी सल्लागाराच्या मदतीने फक्त कागद बघून, तुमच्या गैरहजेरीत निकाल देतो.

आधी गैरसमज दूर करू. लायसन्स फक्त बीबीसीसाठी नसतं. कुठलंही चॅनेल, कुठल्याही देशाचं, टीव्हीवर वा मोबाइलवर, थेट प्रक्षेपण चालू असताना बघितलं तर लायसन्स लागतं. बीबीसीच्या आयप्लेअरवर काहीही बघायला लागतंच. सासूबाई सोयीने, मागचे भाग निवडून बघत असतील तर लागत नाही. साडेसातची मालिका साडेसातला चॅनेल लावून बघत असतील तर लागतं. तुमच्या बाबतीत यांतलं कोणतं खरं आहे, त्यावर गुन्हा कबूल करायचा की नाकारायचा हे ठरवा. लायसन्सची किंमत १ एप्रिल २०२५ पासून १७४.५० पौंड होती, आणि ते पत्त्याला मिळतं, माणसाला नाही. खटला मात्र माणसावर होतो. जो दार उघडतो, प्रश्नांची उत्तरं देतो आणि सही करतो, त्याच्यावर. दुपारी घरी असते ती बाई, म्हणून नाव तिचं. न्यायालयाचं वॉरंट नसेल तर त्या माणसाला घरात घ्यायची किंवा सही द्यायची सक्ती नसते. हे पुढच्या वेळेसाठी.

आता नोटिशीसोबतचा उत्पन्नाचा फॉर्म बघा. लोक ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’वर खूण करतात आणि हा फॉर्म कोरा ठेवतात. दंड आठवड्याच्या उत्पन्नावर मोजला जातो. माहिती दिली नाही तर कोर्ट ते ४४० पौंड धरतं. भत्त्यावर जगणाऱ्या बाईचं १२० पौंड धरलं जातं. सगळ्यांत खालची पायरी उत्पन्नाच्या ५० टक्क्यांची आहे. तिच्याने हिशोब करू. फॉर्म भरला, वेळेत गुन्हा कबूल केला, तर ६० पौंडांतून एक तृतीयांश सूट जाऊन ४०, त्यावर ४० टक्के अधिभार १६, एकूण ५६. काहीच न पाठवणाऱ्या त्याच बाईला २२० अधिक ८८, म्हणजे ३०८. दोन्हींवर खटल्याचा खर्च वेगळा. एका कोऱ्या पानाची किंमत २५२ पौंड होते, आणि पुढचं सगळं संकट बहुतेक या न भरता येणाऱ्या आकड्यातून जन्मतं.

टीव्ही लायसन्सच्या गुन्ह्याला तुरुंग नाही. जास्तीत जास्त १,००० पौंड दंड आहे. तुरुंग येतो तो दंड थकल्यावर, आणि तिथेही हेतुपुरस्सर नकार किंवा दोषपात्र हयगय सिद्ध व्हावी लागते आणि बाकीचे वसुलीचे मार्ग वापरून किंवा विचारात घेऊन झालेले असावे लागतात. कैदेची कमाल मुदत रकमेवर ठरते: २०० पौंडांपर्यंत ७ दिवस, ५०० पर्यंत १४, १,००० पर्यंत २८, २,५०० पर्यंत ४५ दिवस. तोवर जाऊच देऊ नका. हप्ता जड जातोय असं दिसताच दंड-अधिकाऱ्याला फोन करून मुदत वाढवून मागा, युनिव्हर्सल क्रेडिट असेल तर त्यातून कपात मागा. चुकवण्याआधी केलेला फोन हयगय नसल्याचा पुरावा ठरतो, त्याची तारीख-वेळ लिहून ठेवा.

कौन्सिल टॅक्स आणि कोर्टाचा दंड यांत दोन मोठे फरक आहेत. ‘ब्रीदिंग स्पेस’मध्ये कोर्टाचा दंड बसत नाही. आणि कौन्सिल टॅक्ससाठी आलेला बेलिफ पहिल्या भेटीत दार फोडून आत येऊ शकत नाही, पण फौजदारी दंडासाठी आलेल्याला तो अधिकार आहे. दारात कोण उभं आहे आणि कशाच्या वसुलीला, हे खिडकीतून कागद बघून आधी विचारा.

नोटीस मिळालीच नव्हती, थेट दंडाचं पत्र आलं, असं झालं तर? खटल्याचं कळल्यापासून २१ दिवसांच्या आत कोर्टापुढे तसं प्रतिज्ञेवर सांगायचं. निकाल रद्द होऊन प्रकरण पुन्हा सुरुवातीपासून चालतं. घर बदललेल्या बायकांना हे फार उपयोगी पडतं. आणि ही शिक्षा गुन्ह्याची असल्यामुळे पुढे व्हिसाच्या अर्जात विचारलं तर लपवू नका.

प्रश्न : दिराच्या लग्नाला शाळेच्या दिवसांत दोन मुलांना घेऊन आठ दिवस भारतात जायचंय. दंड भरू, काय मोठंसं, असं घरचे म्हणतात.

हिशोब आधी करा. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ पासून हा दंड दर पालकाला, दर मुलामागे ८० पौंड आहे. दोन पालक, दोन मुलं म्हणजे ३२०. एकवीस दिवसांत भरला नाही तर १६० च्या दराने ६४०, आणि २८ दिवसांनंतर खटला. त्याच मुलासाठी तीन वर्षांत दुसऱ्यांदा झालं तर थेट १६०, तिसऱ्यांदा दंडाची सोयच नाही, खटलाच. मूल शाळेत जात नाही हे माहीत असून पाठवलं नाही, हा वरच्या दर्जाचा गुन्हा आहे. त्याला २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. एका सहलीसाठी कोणी तुरुंगात जात नाही. पण शाळेत नेण्या-आणण्याचं काम, शाळेचे फोन आणि कागदावरचं नाव आईचं असतं, हे विसरू नका. मुख्याध्यापकांना आधी लेखी विचारा. लग्नपत्रिकेची प्रत जोडायला हरकत नाही, पण लग्नासाठी परवानगी मिळेलच असं नाही.

प्रश्न : मी कार्डिफला राहते. इथेही कौन्सिल टॅक्ससाठी तुरुंग आहे का?

नाही. वेल्सने १ एप्रिल २०१९ पासून ती तरतूद काढून टाकली. स्कॉटलंडमध्येही या करासाठी तुरुंग नाही. थकबाकी मात्र तशीच राहते, बेलिफ आणि पगारातली कपातही.

वेल्समध्ये हा बदल होण्याआधी एक प्रकरण गाजलं होतं. २०१६ साली दक्षिण वेल्समधल्या एका आईला हप्ते चुकले म्हणून ८१ दिवसांची कैद झाली. वेल्समध्ये स्त्रियांचा तुरुंगच नाही, म्हणून तिला सीमेपलीकडे इंग्लंडमधल्या ईस्टवुड पार्कला नेलं. ती ४० दिवस आत होती. पुढच्या जानेवारीत हायकोर्टाने ती कैदच बेकायदा ठरवली. मॅजिस्ट्रेटांनी तिच्या ऐपतीची नीट चौकशी केली नव्हती. पहिल्या उत्तरात आठवड्याच्या हिशोबाच्या एका पानावर आम्ही एवढा भर दिला, तो याच कारणाने.

प्रश्न : मी पुण्यात समाजकार्याची विद्यार्थिनी आहे. कर आणि दंड तर सगळ्यांनाच असतो. मग यात बायका जास्त का दिसतात?

टीव्ही लायसन्सचा आकडा बघा. २०१९ साली इंग्लंड-वेल्समध्ये या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांपैकी ७४ टक्के स्त्रिया होत्या. त्या वर्षी स्त्रियांना झालेल्या एकूण शिक्षांपैकी ३० टक्के याच एका गुन्ह्याच्या होत्या, पुरुषांच्या बाबतीत ४ टक्के. बायका जास्त कायदा मोडतात असा याचा अर्थ लावता येत नाही. घरी त्या असतात, दार त्या उघडतात, एकट्या पालकांत त्यांचंच प्रमाण मोठं. वसुलीची यंत्रणा पत्त्यावर जाते आणि पत्त्यावर बाई भेटते. ब्रिटिश सरकारने २०१५ मध्ये आणि बीबीसीने २०१७ मध्ये या वसुलीची तपासणी करवून घेतली, तरी ही तफावत मिटली नाही.

हे प्रकरण ब्रिटनपुरतं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१४ साली थकलेल्या दंडापोटी पोलीस कोठडीत ठेवलेली २२ वर्षांची एक आदिवासी तरुणी तिथेच मरण पावली. ती दुखतंय म्हणत होती आणि तिचं दुखणं खोटं मानलं गेलं. २०२० मध्ये तिथला कायदा बदलला, तोवर सहा वर्षं गेली होती.

इतिहासात याची दुसरी बाजूही आहे आणि अभ्यासासाठी तिच्याकडे जरूर बघा. १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये स्त्रियांची करबंदी संघटना उभी राहिली: मत नाही, तर कर नाही. पंजाबचे महाराजा दुलीपसिंग यांची कन्या सोफिया तिच्यात होती. कुत्री आणि गाडी यांच्या लायसन्सचे पैसे तिने दिले नाहीत. १९११ साली तिची सात हिऱ्यांची अंगठी जप्त होऊन लिलावात निघाली, आणि चळवळीतल्याच एका बाईने ती विकत घेऊन तिला परत दिली. त्याच वर्षी लेखिका क्लेमन्स हाउसमन काही शिलिंगांच्या घरकरासाठी हॉलोवे तुरुंगात गेल्या. १९१२ मध्ये तर डॉ. एलिझाबेथ विल्क्स यांनी न भरलेल्या करासाठी त्यांचे पती मार्क यांना ब्रिक्स्टनच्या तुरुंगात टाकलं, कारण बायकोच्या उत्पन्नाचा कर कायद्याने नवऱ्याच्या माथी होता. त्या बायकांनी तुरुंग निवडला होता. आज समन्सचं पाकीट फ्रिजवर न उघडता ठेवणारी आई काहीच निवडत नसते. दोघींना कायद्याने एका शब्दाखाली, ‘थकबाकीदार’ म्हणून, बसवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमच्याकडे काय? शेजारच्या बाईंना कोर्टाने दंड केलाय, ‘न भरल्यास चार महिने साधी कैद’ असं लिहिलंय. शिवाय घरपट्टीही थकलीय. (सांगली)

दोन्ही वेगळे विषय आहेत, आधी घरपट्टी. तिच्या वसुलीचा रोख मालमत्तेवर असतो: मागणीचं बिल, नोटीस, जप्तीचं वॉरंट, लिलाव. महापालिकेत शास्ती दरमहा २ टक्के चढते, म्हणजे वर्षाला २४. म्हणून थोडी थोडी भरत राहणं आणि शास्तीमाफीची अभय योजना जाहीर होते का यावर लक्ष ठेवणं, हा शहाणपणाचा मार्ग. सावकाराने किंवा बँकेने दिवाणी कोर्टातून पैशाचा हुकूमनामा मिळवला असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ चं कलम ५६ लक्षात ठेवा. पैशाच्या हुकूमनाम्याच्या बजावणीत स्त्रीला अटक करता येत नाही. वसुलीवाले फोनवर ‘उचलून नेऊ’ म्हणतात तेव्हा हे कलम शांतपणे सांगावं.

फौजदारी दंडाला हे संरक्षण नाही. १ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८ लागतं. फक्त दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्यात ५,००० रुपयांपर्यंतच्या दंडाला दोन महिने, १०,००० पर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत साधी कैद देता येते. शेजारच्या बाईंचा दंड १०,००० असेल तर हातात तीन गोष्टी आहेत.

निकालाच्या दिवशीच, कोर्ट उठायच्या आत, मुदत मागायची. शिक्षा फक्त दंडाची असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४६४ खाली ३० दिवसांची मुदत किंवा दोन-तीन हप्ते मिळू शकतात. पहिला हप्ता ३० दिवसांच्या आत, पुढचे हप्ते एकमेकांत ३० दिवसांहून जास्त अंतर न ठेवता. त्यासाठी हजर राहण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. हे न मागता बाई कोठडीकडे चालू लागते आणि वकील दुसऱ्या तारखेला पळतो, असं होऊ देऊ नका.

आत गेल्याच तर जमेल तेवढे भरा, कारण इथेही दिवस प्रमाणात घटतात. १०,००० पैकी ७,५०० भरले तर चार महिन्यांतला एकच उरतो. पैसे कोर्टात भरून पावती तुरुंगात पोचवायची. मूळ शिक्षा कैदेची असेल तर दंडापोटीची कैद तिच्यानंतर सुरू होते, दोन्ही एकत्र भोगून संपत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्यामुळे शिक्षा संपूनही फक्त दंडापायी बाई आत राहिलेली असू शकते, आणि घरच्यांना वाटतं, सुटायला वेळ लागतोय.

अशांसाठी केंद्र सरकारची २०२३ पासून गरीब कैदी साहाय्य योजना आहे. दंड न भरल्यामुळे सुटका अडलेल्या कैद्याची माहिती तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना द्यायची. सचिव आर्थिक परिस्थितीची चौकशी करतात, आणि जिल्ह्याची अधिकार समिती २५,००० रुपयांपर्यंतचा दंड कोर्टात भरायला मंजुरी देते. कागदावर हे आपोआप घडायचं असतं. तुम्ही मात्र अधीक्षकांच्या नावाने साधा अर्ज द्या, त्यात खटला क्रमांक, कोर्टाचं नाव, दंडाची रक्कम आणि मूळ शिक्षा संपल्याची तारीख लिहा, आणि आवक शिक्क्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, किंवा १५१०० वर फोन करा. आधार कार्ड आणि निकालाची प्रत सोबत न्या. प्रत मिळाली नसेल तरी जा, ती काढून द्यायलाही तेच मदत करतात.